तळघरातला समुद्र

इकडच्या घरांना तळघर असतं, हे आता तिकडच्या सगळ्यांना माहीत झालं आहे. त्या तळघरात माणसं काय काय करतात यावर एक स्वतंत्र लेख होईल. कुणी होम थिएटर करतो, कुणी टेबल टेनिसचं टेबल टाकतो, कुणी गणपतीची आरास करायला वर्षभर थर्माकोल साठवून ठेवतो. पण गेल्या काही वर्षांत ओळखीच्या दोन-तीन घरांत मी एक नवीनच प्रकार पाहिला. तळघरात समुद्र! म्हणजे काचेच्या मोठ्या टाकीत खारं पाणी, त्यात दगड, प्रवाळ, आणि पोस्टकार्डावर असतात तसे रंगीबेरंगी मासे.

आमचं ग्वेल्फ हे गाव टोरांटोच्या पश्चिमेला, गाडीने तासा-सव्वातासावर. गावातून स्पीड आणि एरामोसा अशा दोन छोट्या नद्या वाहतात. खाऱ्या पाण्याचं म्हणाल तर ते सरळ रेषेत निदान सहाशे किलोमीटरवर. वर सहा महिने थंडी. अशा गावात उष्ण समुद्रातला मासा पाळायचा, यात थोडी गंमत आहे, थोडं कौतुकही आहे. माझा विरोध त्या छंदाला नाही. माझा विरोध एका विशिष्ट माशाला आहे, आणि तो का, हे आज सविस्तर सांगणार आहे.

त्याचं झालं असं, की आमच्या एका नाशिककर स्नेह्यांनी मला 'इंजिनियर' म्हणून सल्ला विचारला. तासाभराच्या अंतरावरच्या एका दुकानात त्यांनी एक मोठा फुलपाखरी मासा पाहिला होता. इंग्रजीत ज्याला बटरफ्लाय फिश म्हणतात तो. टाकी मोठी करू का, जमिनीला भार पेलेल का, वीज किती लागेल, असे त्यांचे प्रश्न. मी म्हटलं, टाकी करा, मासा आणू नका. ते म्हणाले, अहो, मग टाकी कशाला? वाद सुरू झाला आणि तो अजून मिटलेला नाही. वहिनींनी दोनदा चहा केला आणि मग सरळ झोपायला निघून गेल्या.

आधी मासा कोण ते बघू. फुलपाखरी माशांच्या सुमारे १३० जाती आहेत. थाळीसारखं चपटं अंग, पुढे आलेलं छोटं तोंड, आणि त्यात ब्रशच्या केसांसारखे बारीक दात. शास्त्रीय नाव कीटोडॉन, त्याचा ग्रीक अर्थच मुळी 'केसांसारखे दात असलेला'. बहुतेक जाती हाताच्या पंजात मावतील एवढ्या. पण यातला सगळ्यात मोठा, कीटोडॉन लिनिओलॅटस, वाढून ३० सेंटिमीटरपर्यंत जातो. म्हणजे शाळेतली फूटपट्टी. पांढरं अंग, त्यावर सुईने ओढल्यासारख्या काळ्या उभ्या रेघा, डोळ्यावरून जाणारा जाड काळा पट्टा, आणि पिवळेधम्मक पर. तांबड्या समुद्रापासून हवाईपर्यंत हा मासा सापडतो. दुकानात जो दिसतो तो बहुधा बोटभर-वीतभर लांबीचा, लहान वयाचा असतो. विकत घेणारा त्या वीतभर माशाकडे बघून टाकी ठरवतो. मासा मात्र वाढायचं थांबत नाही.

आता माझ्या अखत्यारीतला भाग. अशा माशाला किमान म्हणून जी टाकी सांगतात ती सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. हिशेब करा. २४ घनफूट म्हणजे साधारण ६८० लिटर पाणी. खारं पाणी थोडं जड, म्हणजे ७०० किलो. त्यात काच, दगड, वाळू, खालचं स्टँड मिळवलं की साडेनऊशे किलोच्या आसपास. हा सगळा भार सव्वा चौरस मीटरहूनही कमी जागेवर. म्हणजे आठ किलोपास्कलच्या वर. आणि इकडची घरं लाकडी! राहत्या खोलीच्या जमिनीचं डिझाइन १.९ किलोपास्कल धरून केलेलं असतं. (हा आकडा पूर्ण खोलीवर पसरलेल्या भाराचा आहे, एका कोपऱ्यातल्या भाराचा नाही, हे मला माहीत आहे. इंजिनियर मंडळींनी लगेच पत्र पाठवू नये.) तात्पर्य, अशी टाकी ठेवायची तर तळघरातल्या काँक्रीटवरच. म्हणून समुद्र तळघरात!

मग पाणी. ग्वेल्फचं नळाचं पाणी जवळजवळ सगळं जमिनीखालून येतं. कॅनडात भूजलावर जगणारी जी मोठी शहरं आहेत त्यांत आमचं नाव वर आहे. चुनखडीतून झिरपून आलेलं हे पाणी इतकं जड, की केटलीच्या तळाशी महिन्याभरात पांढरा थर बसतो. ते माशाला चालत नाही. त्यासाठी आरओ लावायचा. आरओ एक लिटर शुद्ध पाणी देताना तीन-चार लिटर गटारात सोडतो. उन्हाळ्यात हिरवळीला पाणी कधी घालायचं याचे नियम असलेल्या गावात हे चालतं! शुद्ध पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅम या हिशेबाने मीठ घालायचं. पहिल्यांदा टाकी भरायला सुमारे २४ किलो मीठ लागतं, आणि पुढे दर महिन्याला थोडं पाणी बदलताना आणखी चार-पाच किलो. आमच्या आजीने वर्षाचं लोणचं घातलं तरी एवढं मीठ लागलं नसतं.

आणि वीज. पाणी २५-२६ अंशांवर ठेवायचं, बाहेर उणे वीस असलं तरी. पण खरी भीती थंडीची नाही. सातशे लिटर पाणी पटकन थंड होत नाही. भीती प्राणवायूची. २५ अंशांच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. पंप बंद पडले की मासे आणि जिवाणू मिळून तो काही तासांत संपवत आणतात. ऑगस्ट २००३ मध्ये ओंटारियोच्या बऱ्याच मोठ्या भागाची वीज गेली होती. डिसेंबर २०१३ च्या बर्फाच्या वादळात दक्षिण ओंटारियोतल्या कित्येक घरांत ऐन नाताळात दिवसेंदिवस अंधार होता. म्हणजे जनरेटर किंवा बॅटरी हवीच.

इतकं सगळं सांगूनही मी म्हणतो, की हे सगळं जमतं. भार, पाणी, मीठ, वीज या गोष्टींना उत्तरं आहेत. आमचे स्नेही हुशार आहेत, हौशी आहेत, पैसेही बाळगून आहेत. त्यांनी ठरवलं तर टाकी उत्तम होईल. आणि हाच आमच्या जमातीचा घोटाळा आहे. एखादी गोष्ट करता येते असं दिसलं, की ती करावी की नाही हा प्रश्न आपण विचारतच नाही. पंप निवडण्यात रमतो.

प्रश्न सुरू होतो तो त्याच्या जेवणापाशी. फुलपाखरी मासे दिवसभर चरतात. गाय जशी कुरणात एकेक घास तोडत हिंडते तसे हे प्रवाळाच्या भिंतीवरून हिंडत राहतात आणि प्रवाळाचे बारीक जीव टोचून टोचून खातात. काही जाती केवळ जिवंत प्रवाळच खातात. त्यांना दुसरं काही दिलं तर त्या अन्नापुढे उपाशी मरतात. काही जाती मात्र कोळंबीचा चुरा, शेवाळ, किडे, सगळ्यावर जगतात. आपला फूटभर लांबीचा लिनिओलॅटस मधला. प्रवाळ, समुद्रफुलं, शेवाळ असं मिळेल ते खातो. टाकीत तो गोठवलेलं अन्न घ्यायला शिकला तर शिकला. ते नशिबावर. आणि शिकला तरी त्याच्याबरोबर प्रवाळ ठेवता येत नाही, कारण तो ते खाऊन टाकेल. म्हणजे ज्या प्रवाळासाठी या माशाचं तोंड, दात, चपटं अंग घडलं, तेच त्याच्या घरात नसणार. उरतात उघडे दगड आणि दिवसातून तीन वेळा वरून पडणारं अन्न.

त्यात या माशांच्या बऱ्याच जाती जोडीने राहतात. एकच जोडी वर्षानुवर्षं एकाच भागात फिरताना अभ्यासकांनी नोंदवली आहे. दुकानात जोडी येत नाही. एकटा येतो. मोठ्या जाती दहा वर्षांहून जास्त जगू शकतात. आता मला सांगा, इकडे नोकरी बदलली की माणूस दोन-तीन वर्षांत गाव बदलतो. टनभर वजनाची टाकी आणि फूटभर मासा घेऊन कोण जाणार कॅल्गरीला?

मासा येतो कसा, तेही बघा. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतेक करून शेतीत वाढवलेले असतात. समुद्रातल्या माशांचं उलट. निमो म्हणून प्रसिद्ध झालेला क्लाउनफिश कित्येक वर्षांपासून टाकीत पैदा होतो. डोरी म्हणून प्रसिद्ध झालेला निळा टँग २०१६ साली फ्लोरिडात पहिल्यांदा प्रयोगशाळेत वाढवण्यात यश आलं. फुलपाखरी माशांच्या बाबतीत मात्र एखाददुसरी जात सोडली तर अजून काही जमलेलं नाही. त्यांची पिल्लं डोक्यावर हाडांचं शिरस्त्राण घालून कित्येक आठवडे खुल्या समुद्रात वाहत जातात. त्या अवस्थेत त्यांना काय खायला घालायचं, कसं जगवायचं, हे कोडं फार अवघड आहे. म्हणून दुकानातला मोठा फुलपाखरी मासा हा पकडलेलाच असणार, हे धरून चाला.

पकडतात इंडोनेशिया, फिलिपाइन्स अशा ठिकाणी. चांगला कोळी बारीक जाळ्याने पकडतो. वाईट पद्धत म्हणजे सायनाइड. पिचकारीने विष मारायचं, मासा गुंगला की उचलायचा. फिलिपाइन्समध्ये हे १९६० च्या दशकात सुरू झालं. तिथे ते बेकायदा आहे, तरी पूर्ण थांबलेलं नाही. त्या विषाने आजूबाजूचं प्रवाळ मरतं. मासा मात्र वरून ठणठणीत दिसतो आणि काही वेळा काही आठवड्यांनी, गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर, मरतो. मग गिऱ्हाईक म्हणतं, माझंच काहीतरी चुकलं असेल.

पुढे विमानप्रवास. प्लास्टिकच्या पिशवीत थोडं पाणी, वर प्राणवायू, बाहेर थर्माकोलचा खोका. पिशवीत माशाच्या श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड वाढतो, पाणी आम्लाकडे झुकतं. त्यामुळे साठलेला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो, आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणजे ज्या क्षणी आपल्याला वाटतं की पोचला एकदाचा सुखरूप, तोच त्याच्या प्रवासातला सगळ्यात धोक्याचा क्षण! रसायनशास्त्र म्हणून फार सुंदर आहे हो. माशाच्या बाजूने विचार केला की तितकं सुंदर वाटत नाही.

इथे आमच्या गावचा थोडा अभिमान मिरवतो. सजीवाच्या पेशीतल्या एका छोट्या जनुकावरून त्याची जात ओळखायची, या 'डीएनए बारकोडिंग' नावाच्या पद्धतीचा पाया २००३ साली ग्वेल्फ विद्यापीठात पॉल हेबर्ट यांनी घातला. मग २००८ साली याच विद्यापीठातल्या मंडळींनी बाजारात खाण्यासाठी विकले जाणारे मासे तपासले, तर सुमारे पाव नमुन्यांवर लेबल एकाचं आणि आत मासा दुसराच! खायच्या माशाची ही कथा, ज्याच्यावर सरकारी तपासणी असते. शोभेच्या माशाच्या टाकीवर तर नाव आणि किंमत एवढंच लिहिलेलं. आणि बारकोड जात सांगेल, पण तो जाळ्याने पकडला की विषाने, हे सांगणार नाही. दुकानदारालाही माहीत नसतं. तो बिचारा घाऊक व्यापाऱ्याकडून खोका घेतो.

आता आमच्या स्नेह्यांची बाजू. ती कमकुवत नाही, म्हणून नीट मांडतो.

त्यांचा पहिला मुद्दा अस्सल मराठी होता. "तुम्ही सुरमई तळून खाता, बांगड्याचं तिखलं खाता, आणि एका माशाला पाळलं तर तुम्हाला कळवळा?" बिनतोड वाटतं ना? मी खातो, खाणार. मासा मारणं हे पाप आहे असं माझं म्हणणंच नाही. पण सुरमईला मी कुठलं वचन दिलेलं नसतं. पाळणारा माणूस वचन देतो, की तुझं घर, तुझं अन्न, तुझी संगत, सगळं आता माझ्याकडे. जे वचन पुरं करता येणार नाही हे आधीच कळतंय, ते देऊ नये, एवढंच माझं म्हणणं. शिवाय बांगडे थव्याने असतात. हा मासा प्रवाळाच्या एका पट्ट्यात जोडी-दोन जोड्या असतो. त्यातला एक काढला की फरक पडतो.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार. तिकडच्या कोळ्याच्या पोटाचं काय? किलोच्या हिशेबाने शोभेचा मासा खायच्या माशापेक्षा कितीतरी महाग जातो. त्यातून प्रवाळ जपण्यात त्या गावाचा स्वार्थ तयार होतो. हे खरं आहे, आणि जाळ्याने पकडणाऱ्या कोळ्याकडून टाकीत टिकणाऱ्या जाती घ्यायला माझी हरकत नाही. पण टाकीत न टिकणारा मासा विकून त्या कोळ्याचं भलं होत नाही. त्याच्या समुद्रातला मासा जातो आणि इकडचं गिऱ्हाईक वैतागून छंद सोडतं. हवाई बेटांवर या व्यापारावरून वर्षानुवर्षं भांडण चाललं आणि २०१७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पर्यावरणाचा आढावा घेतल्याशिवाय परवाने देता येणार नाहीत. म्हणजे हा प्रश्न केवळ माझ्यासारख्या रिकामटेकड्या माणसाच्या डोक्यातला नाही.

तिसरा मुद्दा निराशेचा. "प्रवाळ तसंही मरतंय. समुद्र तापलाय. निदान माझ्या टाकीत एक तरी मासा जगेल." एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की जगभरातलं प्रवाळ पांढरं पडण्याचा चौथा फेरा सुरू झाला आहे. फुलपाखरी मासे या संकटात सर्वांत आधी भरडले जातात, कारण ताटच पांढरं पडतं. त्यांच्या संख्येवरून प्रवाळाची तब्येत ओळखतात, इतका तो संबंध घट्ट. पण तळघरातला एकटा मासा ही जात वाचवत नाही. त्याला पिल्लं होणार नाहीत. झाली तरी जगणार नाहीत.

काही मित्र इथे परदेशस्थांची उपमा आणतात. "आपणही असेच हो, उष्ण देशातून आलो आणि हीटरवर जगतोय." ऐकायला छान वाटतं, दिवाळी अंकाला शोभेल. मला ती उपमा मुळीच पटत नाही. आम्ही तिकीट काढून आलो. येताना दोन बॅगा भरून मसाले आणले. नाही जमलं तर परतीचं विमान आहे. आईशी रोज व्हिडिओवर बोलतो. यातलं काहीही त्या माशाला लागू नाही. आपल्या दुःखाला सजवण्यासाठी त्याला वापरू नये.

मग करायचं काय? माझ्यापुरते मी तीन प्रश्न ठरवले आहेत. हा मासा टाकीत जन्मलेला आहे का? पूर्ण वाढला तरी माझ्याकडे मावेल का? तो जे खातो ते मी त्याला आयुष्यभर देऊ शकतो का? पहिल्याचं उत्तर 'हो' आलं तर उत्तमच. 'नाही' आलं तर निदान पुढच्या दोघांचं उत्तर स्वच्छ 'हो' हवं. मोठा फुलपाखरी मासा तिन्हींत नापास होतो. क्लाउनफिशची टाकीत जन्मलेली जोडी तिन्हींत पास होते. त्याला मुलं निमो म्हणून हाका मारतात हा वरचा बोनस.

आणि मोठा मासा बघायचाच असेल तर टोरांटोला सीएन टॉवरच्या पायथ्याशी रिप्लीचं मत्स्यालय आहे, २०१३ साली सुरू झालेलं. तिथे ५७ लाख लिटर पाणी आहे, म्हणजे आमच्या स्नेह्यांच्या टाकीच्या आठ हजारपटीहून जास्त. पकडलेले मासे तिथेही असतात, हे खरं. पण तिथे पगारी डॉक्टर आहेत, जनरेटर आहे, आणि एक मासा हजारो मुलं बघतात.

तुम्हा तिकडच्या मंडळींना तर टाकीचीही गरज नाही. मुंबईत मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं, आमच्या पिढीने पहिला समुद्री मासा तिथेच पाहिला. पण खरी गोष्ट मालवणला आहे. १९८७ साली तिथलं सागरी अभयारण्य जाहीर झालं. सिंधुदुर्गाच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहे आणि त्यावर आपले देशी फुलपाखरी मासे चरतात. विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर पाण्याखाली एक अख्खं पठार आहे, आंग्रिया बँक. कान्होजी आंग्र्यांचं नाव लावून मिरवणारं प्रवाळाचं पठार, आणि आपल्यातल्या किती जणांना ते माहीत आहे? आपल्याकडे २००१ पासून प्रवाळाला वाघाइतकंच कायद्याचं संरक्षण आहे. २०१७ साली केंद्राने शोभेच्या माशांच्या दुकानांसाठी नियम काढले, त्यात १५८ जातींच्या विक्रीवर बंदी घातली होती आणि फुलपाखरी मासेही त्यात होते. त्यावर व्यापाऱ्यांची बरीच ओरड झाली. नियमांचं काय व्हायचं ते होवो. क्रॉफर्ड मार्केटमध्ये एखादा मासा आवडला, तर त्याच पैशात कुटुंबाला घेऊन तारकर्लीला जा, तोंडात नळी धरा आणि पाण्यात डोकं घाला.

वाद कुठे अडला ते सांगतो आणि थांबतो. आमच्या स्नेह्यांची मुलगी नववीत आहे. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "काका, पण तो मासा आता आलाच आहे ना दुकानात. आपण नाही आणला तर तो तिथेच मरेल. मग त्याचं काय?"

त्या एका माशाबद्दल माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. दुकानातल्या छोट्या टाकीपेक्षा यांच्या घरी तो नक्कीच जास्त सुखात राहील. पण दुकानदार दया मोजत नाही, विक्री मोजतो. हा गेला की त्या रिकाम्या टाकीसाठी तो पुढचा खोका मागवणार, आणि त्या खोक्यासाठी कुठल्यातरी प्रवाळावरून आणखी एक मासा उचलला जाणार. तिला मी हे सांगितलं. तिला पटलं की नाही कळलं नाही. ती म्हणाली, "म्हणजे ह्याला सोडायचं, पुढच्यासाठी?" मी हो म्हटलं. ते 'हो' म्हणायला सोपं नव्हतं, पण माझं मत अजून तेच आहे.